नाडी, विसावा आणि उत्तरदायित्व

मराठी भाषेने हृदयाकडून आणि नाडीकडून जेवढे काम करून घेतले आहे, तेवढे शरीराच्या अन्य अवयवांकडून क्वचितच घेतले असेल. काळजाचा ठोका चुकतो, ऊर भरून येतो, छातीत धडधडते. एखाद्या माणसाची नाडी आपल्याला चटकन सापडते, तर एखाद्याची जन्मभर सहवास घडूनही सापडत नाही. आपल्या पूर्वजांच्या दृष्टीने नाडी ही मोजण्याची वस्तू नव्हती. ती ओळखण्याची होती. शार्ङ्गधराच्या ग्रंथात नाडीच्या गतीला सापाच्या, बेडकाच्या, हंसाच्या चालीची उपमा दिलेली आहे. वैद्य मनगटावर तीन बोटे ठेवीत असे आणि त्या बोटांखाली रोग्याचा अवघा स्वभाव त्याला जाणवत असे.

आकडा पुष्कळ उशिरा आला. इंग्लंडमधील वैद्य जॉन फ्लॉयर यांनी १७०७ साली मिनिटाच्या घड्याळावर नाडी मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. इटलीतील रीवा-रोची यांनी १८९६ साली दंडाला बांधावयाच्या पट्ट्याने रक्तदाब मोजून दाखविला, आणि १९०५ साली रशियातील कोरोटकॉफ यांनी त्याला कानाने ऐकावयाच्या आवाजांची जोड दिली. आज आपल्या घरोघरी रक्तदाबाचे जे छोटे यंत्र असते, ते एका वेळी तीन आकडे दाखविते : वरचा दाब, खालचा दाब आणि त्यांच्याखाली नाडी. पहिले दोन आकडे आपण घाबरून वाचतो. तिसऱ्याकडे बहुधा आपले लक्षही जात नाही. त्या तिसऱ्या आकड्याविषयी आणि त्याने उभ्या केलेल्या नैतिक प्रश्नाविषयी आम्हांला वाचकांशी काही बोलावयाचे आहे.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ सालापासून तेथील रहिवाशांच्या हृदयाचा अभ्यास चालू आहे. रक्तदाब वाढलेला असूनही त्यावर औषध न घेणाऱ्या ४,५३० स्त्रीपुरुषांची ३६ वर्षांची नोंद तपासून १९९३ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वय आणि रक्तदाब यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही, विश्रांतीच्या वेळी ज्यांची नाडी जलद चाले त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. नाडीत मिनिटाला ४० ठोक्यांचा फरक असेल, तर पुरुषांत आणि स्त्रियांतही हा धोका दुपटीहून थोडा अधिक भरत होता. पुढे २०१० साली, रक्तदाबावर औषध घेणाऱ्या आणि हृदयाचे स्नायू जाड झालेल्या नऊ हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीतून असेच दिसून आले. उपचार चालू असतानाही ज्यांची नाडी ८४ किंवा त्याहून अधिक राहिली किंवा तेथवर चढली, त्यांच्यात मृत्यूचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट होता. युरोपातील रक्तदाब-तज्ज्ञांनी २०१८ सालच्या आपल्या मार्गदर्शक सूत्रांत विश्रांतीची नाडी ८० च्या वर असणे ही गोष्ट धोक्याच्या खुणांत नोंदविली आहे.

यामागची कारणे समजण्यास अवघड नाहीत. हृदय स्वतःचे पोषण घेते ते बहुतांशी दोन ठोक्यांमधल्या सैल क्षणात. नाडी जलद झाली की तो क्षण आखूड होतो. म्हणजे काम वाढते आणि जेवणाची सुट्टी घटते. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाचे १,००,८०० ठोके होतात. ८४ धरले तर १,२०,९६०. दिवसाला वीस हजार ठोक्यांचा हा जादा भार अगोदरच दाबाखाली असलेल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर पडतो. शिवाय जलद नाडी ही पुष्कळदा आतल्या अस्वस्थतेची वर्दी असते. शरीर जणू सदैव कोणाच्या तरी चाहुलीने सावध उभे आहे, अशी ती अवस्था असते.

ही माहिती केवळ परदेशातली मानून बाजूला ठेवता येणार नाही. आपल्या शिरूर तालुक्यातील वढू या गावी पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्याचे कार्य उभे केले. गावातल्याच माणसांना आरोग्याचे प्राथमिक शिक्षण देऊन त्यांच्याकरवी घराघरात पोहोचणे ही त्या कार्याची पद्धत होती. डॉ. कोयाजींना १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार लाभला तो अशाच सेवेबद्दल. त्याच वढूला केंद्र करून २००२ सालापासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतील २२ गावांतील जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची घरोघर जाऊन नोंद ठेवली जात आहे. २००५ साली आशियातील पाच देशांतील नऊ ठिकाणी रक्तदाबासारख्या रोगांच्या कारणांची पाहणी झाली, तेव्हा भारतातून निवडलेले ठिकाण वढू हेच होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ या फेरीत देशातील सुमारे २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रिया रक्तदाबाने ग्रस्त आढळल्या. म्हणजे रविवारच्या ख्रिस्तयागास आलेल्या प्रौढांपैकी दर चार-पाच बाकड्यांमागे एक बाक भरेल, एवढी ही माणसे आहेत.

आता प्रश्न असा, की हा आकडा कळल्यावर माणसाने त्याच्याशी कसे वागावे? औषध कोणते आणि किती हा निर्णय डॉक्टरांचा आहे. परंतु आपल्या मरणाची शक्यता अंकात लिहून हाती आल्यावर माणसाने भ्यावे, दुर्लक्ष करावे की आणखी काही करावे, हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे, आणि तो धर्मगुरूच्या दाराशी वारंवार येतो.

दोन प्रकारची माणसे आम्हांला भेटतात. पहिला प्रकार भयग्रस्तांचा. आमच्या परिचयाचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी दिवसातून सात-आठ वेळा यंत्र दंडाला बांधतात आणि प्रत्येक वेळी आकडा वहीत टिपतात. आकडा वाढला की भीती वाटते, आणि भीती वाटली की आकडा वाढतो. या चक्रात त्यांचे घरही सापडले आहे. नातवंडांनी मोठ्याने हसू नये, असा दंडक तेथे झाला आहे. दुसरा प्रकार निश्चिंतांचा. हे म्हणतात, "फादर, मरण देवाच्या हाती आहे. त्याने जेवढे ठोके लिहिले तेवढे पडणार. गोळी घेऊन का एक ठोका वाढणार आहे?" वाक्य श्रद्धेचे वाटते, परंतु तोच गृहस्थ पावसाळ्यापूर्वी घराची कौले मात्र न चुकता शाकारून घेतो. पाऊसही देवाच्याच हाती असतो, हे त्या वेळी त्याला आठवत नाही.

पहिल्याची चूक अशी, की तो शक्यतेला निकाल मानतो. धोका दुप्पट आहे हे विधान हजारो माणसांच्या समूहाविषयी सत्य असते. त्या समूहातील एकट्या माणसाचे पुढे काय होणार, हे त्या विधानात लिहिलेले नसते. जलद नाडीची कितीतरी माणसे दीर्घायुषी होतात आणि संथ नाडीची माणसेही अकाली जातात. जोखीम म्हणजे शिक्षापत्र नव्हे. रेल्वेच्या फाटकावरील तांबड्या दिव्यासारखी ती आहे : दिवा गाडी येत असल्याची सूचना देतो, अपघात झाल्याची बातमी देत नाही. स्तोत्रकर्त्याने देवाकडे आपले दिवस मोजण्याची शिकवण मागितली, ती शहाणपण यावे म्हणून. दिवसांच्या मोजणीतच दिवस संपून जावेत म्हणून नव्हे.

येथे वैद्यकाच्या इतिहासातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जलद नाडी धोक्याची आहे, तर औषधाने नाडी संथ करावी म्हणजे धोका टळेल, असे कोणालाही सहज वाटावे. नाडी संथ करणारी औषधे उपलब्धही होती. सर जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात शोधलेल्या प्रोप्रॅनोलॉलपासून बीटा-ब्लॉकर नावाच्या औषधांचा वर्ग उभा राहिला आणि ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु २००८ साली नऊ चाचण्यांतील ही औषधे घेणाऱ्या सुमारे ३४ हजार रक्तदाबाच्या रुग्णांची माहिती एकत्र पाहिली, तेव्हा अपेक्षेच्या उलट चित्र दिसले. ज्यांची नाडी या औषधांनी अधिक संथ झाली होती, त्यांच्यात मृत्यू कमी नव्हे तर अधिक होते. पुढे केवळ नाडीच संथ करणारे आयव्हॅब्रॅडिन हे औषध हृदयाची शक्ती क्षीण झालेल्या रुग्णांना २०१० सालच्या चाचणीत उपयोगी पडले. पण ज्यांची शक्ती क्षीण झालेली नव्हती अशा १९ हजारांहून अधिक हृदयरोग्यांच्या २०१४ सालच्या चाचणीत त्याचा लाभ झाला नाही. यावरून कोणी आपली गोळी आपल्याच बुद्धीने बंद करू नये. झटका येऊन गेलेल्या किंवा हृदय थकलेल्या रुग्णाला हीच औषधे जीवदान देतात, आणि ती एकाएकी सोडणे घातक ठरू शकते. यातून घ्यावयाचा बोध निराळा आहे. खूण आणि कारण एक नव्हेत. खूण पुसली म्हणजे कारण नाहीसे झाले, असे होत नाही.

जलद नाडीच्या मागे काय काय असू शकते, हे पाहिले म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होतो. कोणाला ताप असतो, कोणाची थायरॉईड ग्रंथी बिघडलेली असते, कोणी तंबाखू मळतो, कोणी रोज सकाळी मिश्री लावते. आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. रक्त कमी असले की हृदयाला तेच काम अधिक फेऱ्यांनी करावे लागते. अशा बाईची नाडी ९५ भरली, तर तो आकडा तिच्या हृदयाविषयी बोलत नसून तिच्या ताटाविषयी बोलत असण्याचा संभव आहे. घरातील सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले खाण्याची आपली रीत त्या यंत्राच्या पडद्यावर उमटलेली असते.

दुसऱ्या गृहस्थाच्या, म्हणजे निश्चिंताच्या, विधानाचा विचार करताना संत थॉमस अक्वायनस आठवतात. हृदयाच्या गतीवर त्यांनी एक छोटेसे पत्ररूप प्रकरण लिहिले आहे. हृदयाची गती बाहेरून लादलेली नाही, ती प्राणिमात्राला नैसर्गिक आहे आणि आपल्या इच्छेच्या आज्ञेने ती चालत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्याच प्रकरणात ते असेही सांगतात, की मनाच्या भावनांनी हृदयात पालट होतात. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या विचाराचे शरीरशास्त्र आज जुने झाले आहे. विल्यम हार्वी यांनी १६२८ साली रक्ताभिसरण सिद्ध केल्यावर ते मागे पडणे अपरिहार्यच होते. परंतु त्यातील नैतिक भेद अद्यापही उपयोगाचा आहे. ठोका आपल्या इच्छेत नाही; म्हणून ठोक्याबद्दल कोणी कोणाला दोषी धरू नये. मात्र ज्या जीवनक्रमात तो ठोका पडतो, तो जीवनक्रम काही अंशी आपल्या आणि काही अंशी आपल्या समाजाच्या इच्छेत असतो. तेवढ्या अंशाने उत्तरदायित्व आहेच.

हे उत्तरदायित्व कोठवर जाते? ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्रात या प्रश्नाला जुने उत्तर आहे. परमगुरुस्वामी बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणात ते स्पष्टपणे मांडले होते. प्राण रक्षिण्यासाठी सामान्य उपाय योजणे हे कर्तव्य आहे. असामान्य उपायांचे बंधन नाही. सामान्य कोणते, हे व्यक्ती, स्थळ, काळ आणि परिस्थिती पाहून ठरते. ज्या उपायाने स्वतःवर वा इतरांवर फार जड भार पडत नाही, तो सामान्य. या कसोटीवर रक्तदाबाची रोजची गोळी, मिठाला आवर, तंबाखूचा त्याग आणि रोजचे चालणे हे सारे सामान्य उपाय आहेत. ते टाळून देवाच्या इच्छेचा हवाला देणे ही श्रद्धा नव्हे, ती हयगय आहे. जीवन ही आपल्याकडे सोपविलेली ठेव आहे, आणि ठेवीदाराच्या उदारपणाचा दाखला देऊन कोणी ठेवीची नासाडी करीत नसतो.

परंतु येथेच थांबलो तर आम्ही अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. विश्रांतीची नाडी मोजण्याची एक रीत आहे. रुग्णाने निदान पाच मिनिटे शांत, पाठ टेकून, न बोलता बसावे, नुकताच चहा किंवा तंबाखू घेतलेली नसावी, मग मोजावे. या रीतीत एक गृहीत दडलेले आहे, ते असे, की प्रत्येक माणसापाशी दिवसातून पाच मिनिटांचा विसावा असतो. आपल्या शिरूर-दौंडच्या परिसरात हे गृहीत कितपत खरे आहे?

भीमेच्या आणि घोडनदीच्या काठी उसाचे फड पेटतात तेव्हा नवराबायकोची एक जोडी एक कोयता म्हणून मोजली जाते. त्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एका दिवसाचा खाडा झाला तर तो हिशेबात धरला जातो. पहाटे अंधारात उठून स्वयंपाक, दिवसभर तोडणी, मग डोक्यावर मोळी वाहून गाडी भरणे, हा त्या बाईचा दिवस असतो. दौंड जंक्शनवर गाड्या रात्रंदिवस धावतात, आणि त्यांच्यासाठी माणसेही रात्रंदिवस जागतात. रांजणगावच्या आणि कुरकुंभच्या कारखान्यांत पाळ्या बदलतात, तेव्हा झोपेच्या वेळाही आठवड्याआठवड्याला बदलतात. शिरूरच्या शेतकऱ्याला शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्री मिळते. बिबट्याचा वावर असलेल्या शिवारात हातात बॅटरी घेऊन तो दारे धरायला जातो. त्या वेळी त्याची नाडी किती असेल, हे सांगावयास यंत्र लागत नाही.

अशा माणसाला तुझी नाडी जलद आहे, विसावा घे, असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यासारखे आहे. शासकीय आरोग्य केंद्रात गोळी विनामूल्य मिळते हे खरे. परंतु ती आणण्यासाठी अर्धा दिवस रांगेत जातो, आणि रोजंदारीवरच्या बाईचा अर्धा दिवस म्हणजे संध्याकाळची भाजी. आपल्या दृष्टीने जो उपाय सामान्य, तो तिच्या दृष्टीने जड होऊन बसतो. नीतिशास्त्राची परिभाषा काटेकोरपणे लावली, तर तिने गोळी आणली नाही म्हणून तिला दोष देता येणार नाही.

मग दोष नाहीसा झाला काय? आमच्या मते तो नाहीसा झालेला नाही. तो आपल्या दारी आलेला आहे. उपाय सामान्य की असामान्य हे जर भारावरून ठरत असेल, तर दुसऱ्याचा भार हलका करून त्याचा असामान्य उपाय सामान्य करणे आपल्या हाती आहे. तिची गोळी शेजारणीने आणली, तर तिचा अर्धा दिवस वाचतो. शेतमालकाने आठवड्याचा एक दिवस खाडा न धरता दिला, तर विसाव्याची नाडी मोजता येण्याजोगा विसावा निर्माण होतो. सूनबाईने सर्वांबरोबर बसून जेवावे, असा नियम सासूने घातला, तर तिच्या अंगी रक्त भरण्यास सुरुवात होते. वैद्यक ज्याला जोखीम म्हणते, त्यातील केवढा तरी भाग अशा साध्या न्यायाने कमी होण्यासारखा आहे.

मोशेच्या नियमशास्त्रातील विसाव्याच्या दिवसाची आज्ञा या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावी. तो विसावा घरधन्यापुरता नाही. दास, दासी, उपरा, एवढेच नव्हे तर बैल आणि गाढव यांचाही त्यात नावानिशी उल्लेख आहे. आपल्या मातीला ही कल्पना परकी नाही. पोळ्याच्या दिवशी आपला शेतकरी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाही. त्याचे खांदे तुपाने चोळतो, त्याला पुरणपोळी भरवितो. बैलाला वर्षातून एक दिवस मिळणारा तो मान उसाच्या फडातील बाईला हंगामात एकदाही मिळत नसेल, तर रविवारी प्रभुमंदिरात येऊन विसाव्याची आज्ञा पाळली असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

आणखी एका कर्तव्याचा उल्लेख येथे करावयास हवा. पुष्कळ घरांत वडिलांचा आकडा मुलांना कळतो आणि तो वडिलांपासून लपविला जातो. हेतू मायेचा असतो. पण आपल्या शरीराविषयीचे सत्य जाणण्याचा पहिला हक्क त्या शरीराच्या धन्याचा आहे. सत्य सांगावे, मात्र एकट्यावर टाकून देऊ नये. "बाबा, तुमची नाडी जलद आहे" एवढेच बोलून उठून जाणे निर्दयपणाचे होईल. "बाबा, उद्यापासून सकाळी मी तुमच्याबरोबर चालायला येतो" हे त्याच्यापुढचे वाक्य आहे, आणि सत्य पुष्कळदा त्या दुसऱ्या वाक्यामुळेच सोसवते.

फ्रेमिंगहॅमच्या ज्या माणसांनी वर्षानुवर्षे आपले मनगट पुढे केले, त्यांपैकी बहुतेकांना आपल्या नाडीच्या नोंदीचा स्वतःला काही लाभ होईल अशी आशा नव्हती. आपल्या वढूच्या बावीस गावांतील मायबाप आजही दारी आलेल्या कार्यकर्त्याला जन्ममृत्यूची माहिती देतात, तीही पुढच्या कोणासाठी तरी. न पाहिलेल्या माणसांनी दिलेली ही देणगी आहे. तिच्यावर केवळ भीती पोसणे किंवा ती न वाचताच बाजूला सारणे, दोन्ही कृतघ्नपणाचे होईल.

आमची सूचना साधी आहे. येत्या महिन्यात एखाद्या रविवारी ख्रिस्तयागानंतर आपल्या धर्मग्रामातील परिचारिका भगिनींनी सभागृहात यंत्र घेऊन बसावे. जे येतील त्यांना प्रथम खुर्ची द्यावी आणि पाच मिनिटे कोणी त्यांच्याशी बोलू नये. मग तिन्ही आकडे कागदावर लिहून द्यावेत. ज्यांचे आकडे काळजीचे असतील, त्यांना आरोग्य केंद्रात कोण घेऊन जाणार, त्याचे नाव त्याच कागदावर खाली लिहावे. आणि जे कामामुळे येऊ शकणार नाहीत, त्यांची यादी अगोदर करावी. यंत्र त्यांच्या दारी न्यावे.